किल्लीवाल्या काकूंचं दार

मोठी चादर काकूंनी दोरीवरून ओढली, एक टोक हनुवटीखाली दाबलं, दुसरं हातानं ताणलं, आणि घडी अर्ध्यावर आली तोच दार वाजलं. दोघांचं काम एकटीनं करायची त्यांना आता सवय झाली होती. यजमान गेले, लेक लांब नोकरीला. फोनवर "जेवलीस का" विचारते आणि उत्तराआधीच घाईत असते.

गल्लीत त्या किल्लीवाल्या काकू. कोपऱ्यावरच्या सभागृहाची किल्ली त्यांच्याकडे, म्हणून बैठक असो की कुणाचा वाढदिवस, आधी काकूंचं दार. किल्ली देताघेता चार शब्द व्हायचे. गुडघा कसा आहे, लेक कधी येणार. त्या चार शब्दांवर त्यांचा अख्खा दिवस निघे.

मागच्या महिन्याच्या बैठकीत कमिटीतली मंडळी पोरांच्या नावानं बोटं मोडत होती. सदा मोबाईलमध्ये डोकं, गल्लीशी देणंघेणं नाही.

"आपण त्यांना खुर्च्या उचलायला बोलावतो," काकू म्हणाल्या, "ठरवायला कधी बोलावलंय? कमिटीत घ्या एखादं पोर."

"जागा कुठंय?" अध्यक्ष मास्तरांनी विचारलं. सगळ्यांना एकदम छताचा पंखा बघावासा वाटला.

"माझी घ्या."

"विचार करा हं काकू. उठलात की परत बसायला मिळायचं नाही."

"बसून बसून पायाला मुंग्या आल्यात, मास्तर."

त्यांच्या जागी वरच्या मजल्यावरची, नर्सिंग शिकणारी पोरगी आली. आता दारात तीच उभी होती.

"काकू, काल बैठकीत मी विषय काढला. सभागृह रोज संध्याकाळी अभ्यासाला उघडायचं. आमच्याकडे टीव्हीपुढे पुस्तक घेऊन बसावं लागतं हो. किल्ल्या आम्हा पोरांकडे राहतील, म्हणजे तुम्हाला सारखा त्रास नको."

"त्रास कसला," काकू हळूच म्हणाल्या. "मास्तर काय म्हणाले?"

"म्हणाले, काकूंनी किल्ली दिली तर माझी ना नाही." ती जरा घुटमळली. "पण त्या द्यायच्या नाहीत, असंही म्हणाले."

मास्तरांनी बरोबर ओळखलं होतं. एक 'नाही' म्हटलं की झालं. दार वाजत राहिलं असतं. कुणाचं तरी भलं हातून होऊ दे, असं त्या रोज देवाजवळ मागत. देवच असा मागायला येईल, आणि नेमकं हेच मागेल, हे मात्र त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"आधी ही चादर धर," त्या म्हणाल्या.

दोघींनी टोकं जुळवली. पोरगी घडी घालत जवळ आली, टोकं काकूंच्या हातात दिली. क्षणभर तिची गार बोटं काकूंच्या बोटांना लागली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं तो बंद केला.

"मग काकू, मास्तरांना काय सांगू?"

"देते म्हणाल्या, सांग. तुम्हा पोरांसाठी दुसऱ्या किल्ल्या मी बाजारातून बनवून आणते."

"मीच नेऊन बनवून आणते ना. तुम्ही कशाला चालता?"

"नको. कुलूप जुनं आहे, किल्ली लावून बघावी लागते. संध्याकाळी घ्यायला ये."

"येते. मग परत परत यायला नको," पोरगी खुशीत म्हणाली आणि धडधडत जिना चढून गेली.

काकूंनी चादर कपाटात ठेवली. खिळ्यावरची किल्ली काढली, पदरानं पुसली, पायात चपला सरकवल्या. बाजाराच्या टोकाला किल्ल्या बनवणारा बसतो, त्याच्याकडे त्यांना जायचं होतं.