बाटली भरलेली होती

आमच्या घरात गाडीचं बॉनेट उघडते ती मी. बाकीचे दार उघडतात, बसतात आणि किल्ली फिरवतात. गाडी वडिलांची, चांगली जुनी. त्यांचे हात थरथरायला लागले तशी ती माझ्याकडे आली. धाकटा भाऊ बायको-पोरांना घेऊन वेगळा राहतो, पण लग्न, बारसं, सुपारी काही आलं की गाडी हक्कानं नेतो. नेतो ते नेतो, परत आणतो तेव्हा मागच्या सीटवर शेंगांची टरफलं. मी बोलते. बोलते कसली, ओरडतेच. कुणीतरी ओरडायला नको का?

जुन्या गाडीला इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची काळजी घ्यावी लागते. दर रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, मी रेडिएटरजवळची प्लॅस्टिकची बाटली बघते. तिच्यावर दोन रेघा असतात, पातळी त्या दोन्हींच्या मध्ये हवी. कमी दिसली तर कूलंट घालायचं, नळाचं पाणी नाही. आमच्याकडे नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही आणि ही बाई गाडीसाठी डबे विकत आणते म्हणून शेजारीण हसते. हसू दे. बाटली आता पिवळी पडलीय, आतल्या कूलंटचा हिरवा रंग कळत नाही, पातळी तेवढी दिसते. भावाला शंभरदा समजावलं. "व्हय की ताई, कळलं की," म्हणतो. काय कळतं डोंबल!

अक्कलकोटच्या पुढं मैंदर्गीला माझी आत्या होती, वडिलांची थोरली बहीण. वडील तिला अक्का म्हणायचे आणि तिच्याशी कानडीतच बोलायचे. म्हणजे बोलत होते तोवर. माझ्या लग्नात तिच्या मानाची साडी वडिलांनी स्वतः द्यायची, ती गडबडीत कुणाच्या तरी हाती पाठवली. आत्या न जेवता मांडवातून उठून गेली. त्यानंतर ना हिचा फोन, ना ह्यांचा. माझं लग्न अडीच वर्षांत मोडलं, मी माहेरी परत आले. रुसवा मात्र दोघांनी जिवापाड सांभाळला.

गेल्या उन्हाळ्यात आत्याच्या मुलाचा फोन आला. आईचं काही खरं नाही, मामाला बोलावतेय. त्यानं फोन तिच्या तोंडाशी धरला. "बा, तम्मा," एवढंच ती म्हणाली. ये रे भावा. वडील फोन कानाला लावूनच चपला शोधायला लागले. मग मला म्हणाले, "गाडी काढ." इतकी वर्षं मी ह्याच दोन शब्दांची वाट बघत होते.

आदल्या दिवशीच भावानं गाडी आणून लावली होती. सासरच्या माणसांना टेंभुर्णीला लग्नाला नेलं होतं. घाईतसुद्धा मी बॉनेट उघडलं. वडील शेजारीच होते. बाटली वरच्या रेघेपर्यंत भरलेली. मला बरं वाटलं, म्हटलं, चला, पठ्ठ्यानं एकदा तरी बघितलं. वडीलही म्हणाले, "बघ, उगाच बोलतीस त्याला."

वाटेत वडील लई बोलले. अक्कानं त्यांना पाठुंगळी घेऊन जत्रा दाखवली होती, ते. भेटल्यावर पहिल्यांदा साडीचं बोलू का नको, हे मला दोनदा विचारलं. अक्कलकोटच्या अलीकडे इंजिन तापल्याचा काटा सरसर वर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी गाडी कडेला घेतली. गार होईतो थांबावंच लागतं, तिथे जिवाची घाई चालत नाही. मग फडकं धरून रेडिएटरचं झाकण उघडलं. आत ठणठणाट. बाटली काठोकाठ आणि रेडिएटर कोरडा! प्यायचं पाणी ओतलं, ते खालच्या फाटक्या पाइपातून सगळं रस्त्यावर आलं. पाइप फाटला की बाटलीतलं पाणी आत ओढलंच जात नाही, ते बाटलीतच राहतं.

भावाला फोन लावला. स्पीकरवर, वडिलांसमोर.

"थोडी तापली होती गं टेंभुर्णीजवळ. मी बाटलीत पाणी भरलं की वरपर्यंत."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"तू वरडशील म्हणून."

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वडील उन्हात रस्त्याकडे तोंड करून उभे होते. येणाऱ्या प्रत्येक गाडीला थरथरता हात करत होते. एसटी थांबली नाही. शेवटी वडापची जीप थांबली, पण ती माणसं भरत, थांबत थांबत गेली.

आत्याच्या दारात उतरलो. अंगणात खुर्चीवर ती बसलेली लांबून दिसली. वडिलांना धड दिसत नाही. माझा दंड धरून म्हणाले, "अगं, बसलीय की अक्का!" आमच्यात मेलेल्या माणसाला विभूती लावून असंच बसवतात, हे त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक. पण त्या चार पावलांत ते विसरले. मी त्यांना थांबवू शकले नाही.

तासाभरापूर्वी गेली होती. तोवर विचारत होती म्हणे, तम्मा आला का.

माती झाल्यावर ओसरीवर सगळे चहाला बसले. भाऊ मागाहून मोटरसायकलवर आला होता. कुणीतरी विचारलं, एवढा उशीर कसा झाला? गाडीचं पाणी बघितलं नव्हतं का? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वडिलांकडे बघितलं. सकाळी माझ्याशेजारी उभा होता हा माणूस, फोनवरचं सगळं ऐकलेला.

वडिलांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला. "पोरगं हिच्या तोंडाला भितं," ते म्हणाले. "म्हणून बोललं न्हाय. हिनं जरा तोंड आवरलं असतं, तर अक्का भेटली असती मला."

लोकांनी माना हलवल्या. भावानं खाली मान घातली आणि डोळे पुसले, तर दोघी-तिघींनी त्यालाच जवळ घेतलं. मी तिथं ओरडले असते, तर त्यांचंच खरं ठरलं असतं. मी उठले आणि चहाचे कप गोळा करायला लागले.