दारावर वाळत टाकलेली साडी

हे मी माझ्या सख्ख्या बहिणीपाशीसुद्धा बोलले नाही. देवापुढे हात जोडले तरी ओठांवर आणलं नाही. तुम्हाला का सांगतेय? — ठाऊक नाही. तुम्ही आमच्या मिस्तरींना ओळखत नाही, म्हणून असेल.

मिस्तरी म्हणजे माझे मालक. कोल्हारला रस्त्याकडेला त्यांचं वेल्डिंगचं दुकान. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट, जिन्याचे कठडे — उभा जन्म त्यातच गेला. माणूस गायीसारखा गरीब, पण लोखंडाचा विषय निघाला की विचारू नका! कुणाच्या लग्नात जेवायला बसलो तरी यांचं ध्यान मांडवाच्या खांबांकडे. "जोड बघ कसा मारलाय, थुका लावून चिकटवल्यावानी," असं माझ्या कानात सांगणार आणि मला भर पंगतीत ठसका लागणार. आणि स्वतःच्या कामाबद्दल म्हणायचे, "माझ्या जोडाला हत्ती बांधा." खोटं नव्हतं ते. त्यांच्या हातची ट्रॉली परत दुरुस्तीला आलेली मी पाहिली नाही.

तर — माझे गुडघे गेले. उकिडवं बसता येईना. मग कुठं जायचं म्हटलं की मी आदल्या दिवसापासूनच पाणी कमी करायची. बायकांना कळेल मी काय म्हणते ते. कुणाला सांगितलं नव्हतं, पण यांनी बरोबर हेरलं. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी काम करायला हरकत नाही म्हटल्याबरोबर दुकानामागे काहीतरी उभं करायला लागले. काय, तर जीपमागं ओढायची खोली! आत झोपायला फळी, गॅसपुरता ओटा, आणि मागच्या अंगाला बाथरूम — खुर्चीसारख्या संडासाचं. गाव बघायला लोटलं. कुणी म्हणालं, "मिस्तरी, संडासाला चाकं लावली का काय?"

"व्हय," हे म्हणाले. "बायकोसाठी लावली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि आतून? आतून इतकं बरं वाटलं की काय सांगू!

बाथरूमचं दार लोखंडी पत्र्याचं होतं, जड. चालत्या गाडीत नुसती कडी टिकत नाही, हादऱ्यानं निसटते. म्हणून यांनी ताडपत्री आवळायचा पट्टा लावला होता. दार पूर्ण मिटायचं, पट्टा दाराच्या मुठीतून ओवून घ्यायचा, भिंतीच्या हुकाला आवळायचा. हे काम माझं. एवढं एकच. चावी फिरवण्याआधी हे विचारणार, "दार?" मी म्हणणार, "बांधलं." मग गाडी हलायची.

पहिली मोठी फेरी प्रवरासंगमाची काढली. अमावास्येची आंघोळ करायची, आणि तिथून सोनईला नणंदेकडे जेवायला. घाटाच्या पायऱ्या यांनी मला हाताला धरून उतरवल्या. नेसत्या साडीनिशी डुबकी मारली. आजवर आंघोळ झाली की कुणीतरी चादर धरायची आणि मी घाईघाईत आडोशाला लुगडं बदलायची. त्या दिवशी पहिल्यांदा कडी लावून, आरशात बघत, निवांत साडी नेसले. एवढ्याशा सुखाचं तुम्हाला हसू येईल — येऊ द्या.

राहिली ओली साडी. नदीच्या पाण्यातल्या साडीचा बोळा करून पिशवीत कोंबायचा — माझ्याच्यानं होत नाही ते. घोळ आंबतो, वास मारतो. बाहेर टाकली तर रस्त्याची धूळ. मी ती दोन पदरी करून बाथरूमच्या दारावर टाकली. आता एवढ्या जाडीनं दार चौकटीत बसेना, आणि पट्टा हुकापर्यंत पोचेना. म्हटलं, सोनईपर्यंत वाळेल. तेवढ्यानं काय होतंय?

पुढे जाऊन बसले. यांनी विचारलं, "दार?"

"बांधलं."

का म्हणाले? भीती होती का? कसली भीती! खरं सांगितलं असतं तर हे खाली उतरले असते, साडी पिळून जीपच्या मागच्या सीटवर पसरली असती, आणि वर माझी चेष्टा केली असती. मला फक्त परत उठायचं नव्हतं. बाकी काही नाही.

पुढे रस्ता उकरलेला होता. मागून धाडधाड वाजायला लागलं. मग एका खड्ड्यात मोठा आवाज झाला आणि काच फुटल्याचं ऐकू आलं. यांनी गाडी बाजूला घेतली. उतरायला जीपच्या दाराला हात घातला, तर मी म्हणाले, "थांबा, तुमच्या डोळ्यांत धूळ जाईल. मी बघते." त्या गुडघ्यांनी मी इतकी चपळ कधी उतरले नव्हते.

दार एका बिजागरीवर लोंबत होतं. वरच्या बिजागरीचा जोड सुटला होता. आरशाचा चुरा. ओली साडी खाली.

इथवर जे झालं ते कुणाकडूनही होईल. आता जे सांगते ते — मी केलं. साडी उचलली, बादलीत कोंबली, वर झाकण ठेवलं. दार खांद्यानं रेटून चौकटीत बसवलं. आणि पट्टा घेतला, आणि हुकाला आवळला. चांगला घट्ट आवळला. मग हाक मारली, "अहो, या."

हे आले. आधी माझ्या पायाकडे बघितलं. "काच लागली न्हाई ना?" खाली बसून माझ्या चपलेतला तुकडा काढला. मग पट्टा बघितला. ओढून बघितला. मग चष्मा लावून त्या सुटलेल्या जोडावरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले.

"दार तर बांधल्यालं हाय," म्हणाले. "म्हंजी माझाच जोड सुटला."

मी समोर उभी होते. हातभर अंतरावर. तोंड उघडायला कितीसा वेळ लागतो?

सोनईत नणंदेनं आग्रह करकरून वाढलं, "दादाचं तोंड का उतारलंय?" म्हणून चिडवलं. हे हसले नाहीत. घरी आल्यावर दार त्यांनी शेजारच्या दुकानातून बसवून आणलं — यांनी, दुसऱ्याकडून! मग ट्रॉलीची कामं परत पाठवायला लागले. "ऑपरेशन झाल्यापून नजर गेली माझी," म्हणायचे. "कुनाचा जीव जाईल एखांद्या दिवशी." डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. यांना पटलं नाही. डोळ्यांपेक्षा त्या पट्ट्यावर त्यांचा विश्वास. आता दुकानात तयार कड्या-कोयंडे विकतात.

माझ्यावर राग? छे! आता आम्ही एसटीनं जातो. स्टँड आलं की हे आधी उतरतात, बायकांच्या संडासाबाहेर बसलेल्या बाईला विचारतात, "आत खुर्चीचा हाय का वो?" आणि मग मला हात देऊन उतरवतात. मी पाणी पिते आता प्रवासात, पोटभर. हा माणूस मला लई आवडतो हो. लग्न झालं तेव्हापेक्षा जास्त.

मागल्या महिन्यात नात झाली. पाळण्याला वर कडी हवी होती. सून म्हणाली, "आप्पा, कडी तुमच्याच हातची पायजे." यांनी मशीनवरचं पोतं काढलं. सळई हातात घेतली, उजेडाकडे धरली, फिरवून बघितली. मला वाटलं — आता करतील. मग खाली ठेवली.

"नको पोरी. माझ्या हाताचं काम लेकराच्या डोक्यावर नको."

आणि माझ्याकडे बघितलं. "बरुबर हाय ना गं?"

नात माझ्या मांडीवर झोपली होती. मी म्हणाले, "बरोबर हाय."