नडगीतली चीर

चूक माझीच होती. पोलीस भरतीसाठी माझी मुलगी वडूजच्या मैदानावर रोज धावायची. नडगीवर एका जागी बोट ठेवून म्हणायची, "आप्पा, हितंच दुखतंय." फौजेत मीही दुखऱ्या पायांनी पळालो होतो, म्हणून रोज तेल चोळून तिला महिनाभर पळवलं. "लय नाटकं करू नगंस," असंही बोललो. शेवटी तिला पाय टेकवेना. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, की स्नायूचं दुखणं नडगीभर पसरतं. एकाच ठिकाणी बोटाएवढं दुखलं, तर हाडाला चीर गेल्याचा संशय घ्यावा. एक्स-रेच्या फोटोत चीर दिसलीच. भरतीच्या दिवशी ती प्लॅस्टर घालून घरीच होती. तिच्याजवळ बसून मी म्हणालो, "पोरी, तू खरंच सांगत होतीस, मीच ऐकलं न्हाई. माझं चुकलं."