‘ग’चा वेग आणि दादाचे हात

ऑफिसात तिला सगळे मापाडी म्हणायचे आणि तिलाही ते नाव आवडायचं. गाडीच्या मागच्या सीटवर लाकडी ट्रे, ट्रेमध्ये एकाच मॉडेलचे चार फोन, प्रत्येकात वेगळ्या कंपनीचं सिम, आणि शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन ती. काम दिसायला सोपं. ड्रायव्हरकाकांनी गाडी तीसच्या वर न्यायची नाही, एकही गल्ली सोडायची नाही. चारही फोन एकाच वेळी तीच फाईल उतरवून घेणार, मग चढवणार, मग पुन्हा उतरवणार, आणि दर खेपेला नकाशावर प्रत्येकाचा एक ठिपका पडणार. हिरवा म्हणजे झकास, पिवळा म्हणजे चालेल, लाल म्हणजे बोंब. कंपन्यांची नावं तोंडाने घ्यायची नाहीत असा ऑफिसचा नियम होता, म्हणून फोनवर नुसत्या क, ख, ग, घ अशा पट्ट्या चिकटवलेल्या. वर्षातून दोनदा या ठिपक्यांचा अहवाल निघायचा, आणि शेवटच्या पानावर मोजणीप्रमुख म्हणून तिची सही असायची.

या कामात येण्याआधी सहा वर्षं ती सिमकार्डांच्या काउंटरवर होती. गिऱ्हाईकाने "आमच्याकडे रेंज येते का?" असं विचारलं की "फुल्ल येते" म्हणायचं, हे तिला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. आठवड्याभराने तेच गिऱ्हाईक परत यायचं आणि काचेवर फोन आपटायचं. सहा वर्षं असे शिव्याशाप खाल्ल्यावर मोजणीचं काम मिळालं, तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं. आता कुणी विचारलं तर ती छातीठोकपणे सांगू शकत होती, कारण आकडा समोर असायचा.

असाच एकदा तिच्या दादाने विचारलं. दादा तिच्याहून चार वर्षांनी मोठा. तिसऱ्या वर्षी ताप डोक्यात गेला आणि दोन्ही कान गेले. तो शाळेत जाऊन खुणांची रीतसर भाषा शिकला, पण त्याच्याही आधी दोघा भावंडांनी घरातल्या घरात स्वतःची एक भाषा जमवली होती, आणि तिच्यातल्या निम्म्या खुणा आईलाही कळत नसत. दुकानात, बँकेत, दवाखान्यात दादाच्या वतीने बोलायचं ते हिनेच. तो चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा, एका दुकानाच्या मागच्या खोलीत, आणि एकटाच राहायचा. ती लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली, तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघांचा व्हिडिओ कॉल ठरलेला. त्यात दादा सगळ्या जगाची नक्कल करायचा. प्रत्येकाला त्याने खुणेचं नाव दिलेलं. तिच्या साहेबांचं नाव म्हणजे पोटाखाली घसरलेला पट्टा वर ओढणं. ड्रायव्हरकाकांचं नाव म्हणजे मान डोलवत गुणगुणणं. साहेबांसमोर उभी असताना तिला ती खूण आठवली, की हसू दाबताना नाकीनऊ यायचे.

तर दादाने विचारलं, नवीन सिम घ्यायचंय, कुठलं घेऊ? तिने त्याच्या गल्लीचा नकाशा उघडला. तिथे ग हिरवागार होता, बाकीच्यांत पिवळ्याची भेसळ. तिने हाताने त्या कंपनीचं नाव काढून दाखवलं. दादाने त्याच दिवशी जाऊन ते सिम आणलं.

महिन्याभरातच त्याचं चित्र अडकायला लागलं. हात हवेत उचललेला, बोटं अर्धवट उघडलेली, आणि तसाच पुतळा. मग एकदम पुढे उडी. मधलं सगळं गायब. तिने सांगितलं, तुझा फोन जुना झालाय. त्याने नवीन घेतला. मग तिने सांगितलं, खिडकीशी बस. तो खिडकीशी बसला. तरी तेच. ‘ग’मध्ये खोट असेल असं तिच्या मनातही आलं नाही, कारण ठिपके तिने स्वतः पाडलेले होते. शेवटी दादाने त्याचीही चेष्टा केली. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, नाकाकडे बोट, अशी तिची अडकलेली छबी तो करून दाखवायचा, आणि त्या खुणेचा अर्थ ठरला ‘बहीण’.

त्या मंगळवारी दुपारी बाराच्या सुमाराला गाडी एका बाजाराच्या रस्त्यावर असताना दादाचा कॉल आला. या वेळेला तो कधी करत नसे. तिने काकांना गाडी कडेला घ्यायला लावली. पडद्यावर दवाखान्याची हिरवट भिंत, घामाने डबडबलेला दादा, आणि बाजूला डॉक्टरांचा पांढरा खांदा. पोटात दुखतंय म्हणून तो दुकानातून तसाच चालत तिथे गेला होता. तो लिहून सांगू शकला असता, पण वाकून उभं राहणंही त्याला जड जात होतं, आणि बाहेर बाकावर वीसेक पेशंट होते.

डॉक्टरांचा आवाज स्पष्ट येत होता. तिचाही त्यांना जात होता. अडकत होते ते दादाचे हात. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय. तिने ते खुणांनी विचारलं. दादाचं उत्तर सुरू झालं, हात बेंबीपाशी गेला आणि थांबला. ती वाट पाहत राहिली. चित्र पुढे सरकलं तेव्हा हात छातीपाशी होते आणि त्याचं बोलून झालं होतं. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा बेंबी, पुन्हा पुतळा.

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी विचारलं.

"बेंबीजवळ दुखतंय," ती म्हणाली. आणि क्षणभर थांबून तिने जोडलं, "जळजळतंय."

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं असावं, तेही तिला नीट दिसलं नाही. पित्ताच्या गोळ्या मिळाल्या, तिखट खाऊ नका म्हणून सांगितलं, आणि बरं वाटलं नाही तर दोन दिवसांनी या.

दोन दिवस लागले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानमालकाने दादाला घरून उचलून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. अपेंडिक्स फुटलं होतं, पोटभर पू झाला होता. ऑपरेशन झालं, आणि चार दिवस कुणी काही खात्रीने सांगेना. दादा शुद्धीवर आल्यावर सर्जनबाईंनी तिच्यामार्फतच त्याला विचारलं, दुखणं कसं कसं सुरू झालं. दादाने थकलेल्या हातांनी सांगितलं. पहाटे बेंबीपाशी, मग हळूहळू खाली उजवीकडे सरकलं, चालताना जास्त.

"हे आदल्या दिवशी दवाखान्यात सांगितलं होतं का?" सर्जनबाईंनी विचारलं. "जागा बदलली म्हटलं असतं तर कुणीही लगेच इकडे पाठवलं असतं."

तिने प्रश्न दादापर्यंत पोचवला. दादाने होकाराची मान हलवली. सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा त्याने नीट सांगितलेलं, आणि जळजळ हा शब्द त्याच्या हातांतून कधी निघालाच नव्हता.

त्या आठवड्यात तिने काकांना सांगून गाडी त्या दवाखान्याशी नेली. पायरीपाशी उभं राहून ‘ग’च्या वेगाची चाचणी घेतली. सेकंदाला चौऱ्याऐंशी मेगाबिट. बाकी कुणीही पन्नासपलीकडे गेलं नाही. आकडा बघून तिला खरं तर बरं वाटायला हवं होतं, पण मनात शंकेची पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी ती दादाचा फोन घेऊन तिथे आली. स्वतःचा फोन तिने हॉस्पिटलात दादाच्या हातात ठेवला होता. पायरीवरून तिने त्याला कॉल लावला आणि विनंती केली, एकपासून शंभरपर्यंत बोटांनी आकडे मोज, थांबू नकोस. ती समोर वही धरून दिसलेला प्रत्येक आकडा टिपणार होती. अकरा, बारा दिसले, मग एकदम एकोणीस. मग एकतीस. शंभरातले चाळीससुद्धा हाती लागले नाहीत.

तिने त्याला पुन्हा एकपासून मोजायला लावलं, आणि मधेच सवयीने त्याच फोनवर वेगाची चाचणी सुरू केली, कॉल चालू ठेवूनच. आणि दादाचे हात वाहायला लागले. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, एकही न गाळता. चाचणी संपली, पुढे मिनिटभर हात छान चालले, आणि सत्त्याण्णववर पुन्हा पुतळा.

तिने हे सात वेळा केलं. सातही वेळा तेच. चाचणी सुरू झाली, की कंपनीला तिचा वास लागायचा आणि त्या सिमचा बांध उघडायचा. चाचणी उरकली, की मिनिटभराने पुन्हा बंद. बाकीच्या तीन सिमांवरही तिने आकडे मोजून घेतले. त्यांचा वेग कागदावर निम्मा होता, पण शंभरातले नव्वदच्या वर आकडे दिसत होते. बिचारा दादा पलंगावर टाके सांभाळत मोजत राहिला. शेवटी त्याने विचारलं, हे काय चाललंय? तिने समजावलं. दादा ताठ बसला, घडी घातलेले हात, समोर नजर. शाळेत तपासणीला कुणी आलं की मुलं बसतात तसा.

वही घेऊन ती साहेबांकडे गेली. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली, दोन पानं दोनदा वाचली.

"यात पाणी मुरतंय, हे मलाही दिसतंय," ते म्हणाले. "पण आपली मोजणी ठरलेल्या पद्धतीने होते, बाई. त्या पद्धतीत बोटांवर आकडे मोजणारा भाऊ बसत नाही."

"मग पद्धत बदलू या."

"अहवाल छपाईला गेलाय."

ग कंपनी दर खेपेला त्यांच्याकडून हा अहवाल विकत घ्यायची आणि त्यातलं पहिलं वाक्य जाहिरातीत टाकायची. ऑफिसातल्या तीस जणांचं घर त्यावर चालतं, असं साहेब म्हणाले नाहीत. ते फक्त काचेपलीकडे बसलेल्या लोकांकडे बघत राहिले. निदान तळटीप टाकू द्या, असा तिने हट्ट धरला. ते हो म्हणाले. तिने दोन ओळी लिहून दिल्या. छापील अहवाल आला तेव्हा त्या ओळी नव्हत्या. तिची सही मात्र होती, शेवटच्या पानावर. पंधरा दिवसांत चौकाचौकात ग ‘सर्वात वेगवान’ झाला, आणि तिला गाडीतून रोज ते वाचत जावं लागलं.

तिने वहीची नक्कल काढली आणि दूरसंचाराच्या तक्रार कार्यालयात नेऊन दिली. काकांनीही आपलं निवेदन जोडलं, कुणी न सांगता. खिडकीवरच्या कारकुनाने शिक्का मारलेली पोच दिली. महिना झाला नाही तोच तिची गाडी काढून घेतली गेली आणि तिला इमारतींच्या आतल्या मोजणीवर टाकलं. तळघरं, लिफ्टा, जिने. जिथे कुठल्याच सिमला काही येत नाही, तिथे दिवसभर लाल ठिपके पाडायचे. उत्तर यायला आठ महिने गेले. ‘संबंधित कंपनीने आवश्यक ते तांत्रिक बदल केले आहेत, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’ चूक कुणाची, त्यात नव्हतं. दादाच्या गल्लीतला वेग मात्र खरोखरच सुधारला.

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट तिने दादाला सांगितली नव्हती. कंपनीने फसवलं, साहेबांनी गाळलं, हे ती घरीदारी सांगत होती. जळजळ शब्दाबद्दल ती गप्प होती. आयुष्यभर तिने दादाचं अर्धं वाक्य बघून पुढचं बोलून टाकलं होतं आणि ते नेहमी बरोबर निघालं होतं. त्या दिवशीही तिने तेच केलं. ‘मला दिसलं नाही’ एवढं ती डॉक्टरांना सांगू शकली असती. पण तसं म्हणायची तिला सवयच नव्हती.

तक्रार कार्यालयाचं पत्र आलं त्याच्या पुढच्या रविवारी ती दादाकडे गेली. त्याने पत्र वाचलं, खांदे उडवले. तेव्हा तिने सांगितलं. एकेक खूण नीट केली. तू सांगितलंस ते मला दिसलं नव्हतं. डॉक्टरांना मी माझ्या मनाने सांगितलं.

दादाने डोळे मिटले. त्याच्याशी भांडताना लहानपणी तिला याच गोष्टीची सगळ्यात धास्ती वाटायची. त्याने डोळे मिटले, की बोलणं संपलं, मग समोरच्याने काय वाटेल ते करावं. ती कितीतरी वेळ बसून राहिली. त्याने डोळे उघडले ते चहाचे कप उचलण्यासाठी, आणि तिच्याकडे न बघताच तो मोरीकडे गेला.

पाच आठवडे कॉल नाही. मग एक दिवस मेसेज आला. शुक्रवारी हॉस्पिटलात पोटाची तपासणी आहे, येतेस तर ये. ती अर्धा तास आधी पोचली. दादाबरोबर एक तरुण बाई होती. ती त्याच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेतली, खुणांचं भाषांतर करणारी. दादाने ओळख करून दिली आणि सांगितलं, आत ही येईल. तू बाहेर बस.

ती बाकावर बसली. दाराला काच होती. आत दादा बोलत होता, सर्जनबाई ऐकत होत्या, आणि मधे ती तरुण बाई. दर दोन वाक्यांनंतर ती दादाला थांबवत होती. पुन्हा सांगा, तिचे हात म्हणत होते. कळलं नाही, पुन्हा सांगा. दादा न कंटाळता पुन्हा सांगत होता.

बाहेर आल्यावर त्याने फाईल तिच्या हातात दिली, कारण त्याला बोलायला दोन्ही हात मोकळे हवे होते. सगळं ठीक आहे, तो म्हणाला. मग तरुण बाईशी काहीतरी बोलत तो पुढे चालू लागला, आणि बहीण फाईल छातीशी धरून त्यांच्या मागोमाग निघाली.