मास्तरांचा ‘सोड’

फ्लाइंग स्कूलच्या मुलांनी मास्तरांचं नाव सोडमास्तर पाडलं होतं. बावीस वर्षं ते छोट्या विमानात शिकाऊ मुलांच्या शेजारी बसत आले होते. उतरताना चाकं आपटून विमान उसळलं, की ते आवाज न चढवता म्हणत, “सोड.” म्हणजे कंट्रोल सोड, पुढचं मी बघतो. मुलं झटकन हात मांडीवर घेत. ही सवय ती पहिल्याच आठवड्यात अंगी बाणवून घेत.

त्यांतली एक मुलगी मात्र तोंडाची फटकळ. “एका खेपेत तीनदा उतरलीस,” असं तिचं विमान उसळत उसळत टेकल्यावर मास्तर म्हणाले, तर म्हणाली, “सर, जास्तीची दोन उद्याची म्हणून धरा.”

ती पहिल्यांदा एकटी उडाली, तेव्हा मास्तर हातात वायरलेस घेऊन धावपट्टीच्या कडेला उभे होते. विमान आपटलं, उसळलं. उतरणं सोड, इंजिनाला जोर देऊन पुन्हा वर जा, असं त्यांना सांगायचं होतं. पण तोंडून सवयीचा तेवढाच शब्द गेला.

“सोड.”

काचेआड तिचे दोन्ही हात खाली गेलेले त्यांना दिसले. शेजारची सीट रिकामी होती.

वायरलेसवरचं बोलणं कुठेच नोंदलं जात नव्हतं. अपघाताच्या चौकशीत ‘शिकाऊ वैमानिकाची चूक’ असं ठरत आलं होतं. मास्तरांनी खरं सांगितल्यावर स्कूलचे मॅनेजर म्हणाले, “आता बोलून ती परत येणार आहे का? तुमचं लायसन्स तेवढं जाईल.” मास्तर आठ दिवस गप्प राहिले.

नवव्या दिवशी तिचे वडील तिची बॅग न्यायला आले.

“घाबरून हात सोडले म्हणतात,” ते म्हणाले. “पण साहेब, सायकल शिकतानासुद्धा पोरीने हँडल सोडलं नव्हतं हो. गुडघे फोडून घेतले, पण हँडल नाही सोडलं.”

मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. मग ड्रॉवरमधून कोरा कागद काढला. “हे चौकशीला लिहून देतोय. तिची चूक नव्हती.”

वडील बराच वेळ बॅगेची चेन मागेपुढे करत राहिले.

“म्हणजे तिने तुमचं ऐकलं?”

“लगेच ऐकलं.”

“घरी कधी कुणाचं ऐकायची नाही,” वडील म्हणाले आणि बॅग मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले.