मोहाखालची झाडलेली जागा

ऊन इतकं का वाढलं, या एका प्रश्नाने त्या चैत्रात माझी श्रद्धा डळमळली होती. एटापल्लीकडे लेकीच्या सासरी गेलो होतो. व्याही म्हणाले, "देवाची मर्जी." जावई शाळेत मास्तर, तो म्हणाला, "माणसाचीच करणी आहे, मामाजी." मी दोघांनाही गप्प केलं, "निसर्ग आहे! कमीजास्त होतच राह्यते." भद्रावतीजवळच्या खाणीत तीस वर्षं कोळसा उपसून पेन्शन खाणाऱ्याला हे उत्तर सोयीचं पडतं. पण मन खात राहिलं. देवाची मर्जी असेल, तर तो दयाळू कसा? आणि आमची करणी असेल, तर मी जन्मभर केलं ते काय?

शेवटी सकाळीच, कुणाला न सांगता, गावाबाहेरच्या देवाच्या ठाण्यावर गेलो. चार दगड, एक मातीचा घोडा आणि भोवती घोट्याएवढा वाळला पाला. शहाण्या माणसाने तिथे विडीही पेटवली नसती. मी पळसाच्या द्रोणात कापूर पेटवला, डोळे मिटले आणि म्हणालो, "देवा, हे ऊन तुझं, निसर्गाचं की आमचं? खूण दे."

थोड्याच वेळात पोटऱ्यांना ऊब जाणवली. मी गहिवरलो. ऊब वाढली, तसा गहिवरही वाढला. इतक्या लवकर देव मला कधीच पावला नव्हता.

"अगा भाऊ! डोरे उघड! पाला पेटून राह्यला!"

उघडले. द्रोण कलंडला होता, पाला पेटला होता, माझ्या पँटचा काठ धुमसत होता. मोहफुलं वेचणारी एक म्हातारी बाई हिरवी फांदी घेऊन धावत आली. आधी तिने माझ्या पायांवर चार फटके ओढले, मग जाळावर. दुसरी फांदी माझ्याकडे फेकली. "पाह्यत काय राह्यला? झोड! माहा मोह हाय तिकडं!"

जाळ तिच्या मोहाकडेच सरकत होता. वर्षभराचं तेल-मीठ त्या एका झाडावर. मी रडत, खोकत, देवाचं नाव घेत झोडपत सुटलो. आणि मोहापासून दहा पावलांवर जाळ आपोआप बसला. तिथे पाला नव्हताच. झाडाभोवतीची जमीन अंगणासारखी स्वच्छ झाडलेली होती.

"फुलं दिसाले पायजे म्हून लोक पाला जाळते," ती धापा टाकत म्हणाली. "मी झाडतो. आज पहाटीच झाडलं. कंबर मोडते, पण झाडाले चटका नाई लागत. तू इथी काऊन आला होता?"

मी खरं ते सांगितलं. बाई हसत हसत खालीच बसली. "मंग? सांगतलं का देवानं, कोनं पेटवलं ते?"

मीही हसलो. काळवंडलेल्या तोंडाने, छातीवरचा दगड उतरल्यासारखा, पोट दुखेपर्यंत हसलो. तिने नेमकी त्याच दिवशी पहाटे ती जागा झाडावी, ही मर्जी कुणाची, हे मला कळत नाही. त्यापुढे फक्त हात जोडतो. पेटवलं कुणी, हे मात्र आता विचारावं लागत नाही. देवावर सोडायचं म्हणजे आपली काडीही त्याच्याच नावावर घालायची, असं मी समजत होतो. माझी काडी माझी म्हटली, तेव्हा कुठे हात मोकळे झाले.

आता दर चैत्रात मी तिच्या मोहाखाली झाडायला जातो. तीच माझी पूजा. बाई प्रेमाने झाडू देते. पण त्याआधी माझे खिसे तपासते.