गावविहिरीची काळी बाटली

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, पण लिहितेच.

श्रीवर्धनकडच्या आमच्या गावात मी पंचायतीची जलसुरक्षक आहे. पाणी तपासायचं, विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची, हे माझं काम. परवा तपासणीच्या दोन बाटल्या भरल्या. एक गावविहिरीची, एक आमच्या बौद्धवाडीच्या विहिरीची. पाण्यात विष्ठेतले जंतू असले की बाटली काळी पडते.

आज सकाळी बघते तर आमची जशीच्या तशी. गावविहिरीची डांबरासारखी.

तशीच वरच्या आळीतल्या काकींकडे धावले. त्यांची नात तीन दिवस जुलाबाने आडवी आहे. म्हटलं, "काकी, हे पाणी तिला देऊ नका. आमच्या विहिरीची कळशी आणून देते."

"तुमचं पानी आमच्यात चालत न्हाय. बाटतं."

"मग निदान उकळून तरी द्या!"

काकींनी माझ्यासमोरच त्या काळ्या विहिरीचा पेला पोरीच्या तोंडाला लावला. पोर गटागटा प्यायली.

दुपारी गावविहिरीवर टीसीएलची बादली घेऊन गेले, तर काकी दारातून ओरडल्या, "नीट टाक गं, पोरीला बरं न्हाय!"

मी नीटच टाकली. तुम्ही टाकली असती?